तुरुंगात नागरिकशास्त्र शिकवायचं, तर पहिला धडा कोणता?

बोरीकाठचा मास्तर

नमस्कार मंडळी. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. गेल्या महिन्यापासून खानदेशातल्या एका जिल्हा कारागृहात आठवड्यातून एक तास बंद्यांना नागरिकशास्त्र शिकवायला जातो. परवानगी, ओळखपत्र, गेटवर झडती, सगळं रीतसर होतं.

पहिल्या तासाला शाळेत करायचो तेच केलं. फळ्यावर उद्देशिका लिहिली, 'आम्ही, भारताचे लोक' इथपासून. सतरंजीवर सत्तावीस जण बसलेले. वीस वर्षांच्या पोरापासून माझ्या वयाच्या म्हाताऱ्यापर्यंत. मूलभूत हक्क सांगितले, मग मतदानावर आलो. तेवढ्यात मागच्या रांगेतला तिशीतला एक गडी उभा राहिला. म्हणाला, "सर, मन्हं नाव यादीमा शे. आठून मत देता येस का?"

मला 'नाही' म्हणावं लागलं. तो खाली बसला. पुढची पस्तीस मिनिटं मी बोलत होतो आणि सगळे आपापल्या पायाची बोटं बघत होते. शाळेत तास पडला तर गोंधळ होतो. इथे कुणी हूं की चूं केलं नाही, आणि ते जास्त लागलं.

मला हे काम सोडायचं नाही. पण सुरुवात कुठून करू? कर्तव्यांपासून? ग्रामपंचायतीपासून? निम्म्याहून जास्त लोक अहिराणी किंवा पावरी बोलतात, काहींना सही येत नाही. अनुभव असलेल्यांनी सांगावं.

कळण्याची भाकरी

सर, आधी नमस्कार घ्या. निवृत्तीनंतर लोक देवळात जातात, तुम्ही कारागृहात जाताय. वाचनखूण साठवली. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

कोर्टाची पायरी

सर, मी धुळे-नंदुरबारकडे फौजदारी वकिली करतो. तुमचं उत्तर बरोबर होतं, पण अर्धंच होतं.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६२(५). तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्याला मत देता येत नाही. शिक्षा झालेली असो वा नसो. अपवाद फक्त प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्या, म्हणजे काही घडू नये म्हणून आधीच अडकवून ठेवलेल्या माणसाचा, तो टपाली मत देऊ शकतो. जामिनावर बाहेर असलेला माणूस मात्र बिनधास्त मतदान करतो. १९९७ साली अनुकूल चंद्र प्रधान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं.

आता उरलेलं अर्धं. तुरुंगात गेल्यामुळे यादीतलं नाव कटत नाही. २०१३ च्या दुरुस्तीने कायद्यात तसं स्पष्टच लिहिलंय. त्या दुरुस्तीमुळेच कच्चा कैदी, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे असा माणूस, आतून निवडणूकसुद्धा लढवू शकतो. आणि १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० सांगतं की एखादा माणूस तुरुंगात आहे एवढ्यावरून तो तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे त्या गड्याचं घर कायद्याने आजही त्याचं गावच आहे. पुढच्या वेळी 'नाही' सोबत एवढं नक्की सांगा.

शेवभाजी विथ पाव

आतून उमेदवारी करता येते, पण स्वतःला मत देता येत नाही? म्हणजे नवरदेवाला पंगतीत बसायची बंदी!

(वकीलसाहेब, तुमचा आयडी वाचून आधी दोन पावलं मागे सरकलो होतो. 😀)

गिरणा थडी

माझं मत वेगळं आहे. राग मानू नये.

चार वर्षांपूर्वी आमचं घर फुटलं. आई एकटी होती. तिला मारहाण केली नाही, पण तोंड दाबून धरलं होतं. त्या रात्रीपासून ती दाराला आतून कडी, वर कुलूप आणि कुलपाला खुर्ची लावून झोपते. चोर सापडले, दागिने सापडले नाहीत. तारखेला आई तीनदा जाऊन बसली, तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. साक्ष म्हणजे काय, उलटतपासणीत काय विचारतात, हे तिला कुणी समजावलं नाही. तिच्यासाठी कुठला वर्ग आहे? मास्तरांचा हेतू चांगला आहे, पण ही वेळ आधी आमच्यासारख्यांना द्यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

बोरीकाठचा मास्तर

गिरणा थडी, राग कसला? आईंचं वाचून गलबलून आलं. साक्षीदाराला समजावून सांगणारं कुणी हवं, हे शंभर टक्के खरं. त्यांची हरकत नसेल तर मी येऊन बसेन त्यांच्यासोबत. पण एकाला दिलं म्हणून दुसऱ्याचं कमी होतं असं हे नाही ना.

जुना वॉर्डर

कारागृह सेवेत अठ्ठावीस वर्षं काढली. कुठे ते सांगत नाही.

मास्तर, तुमच्या सतरंजीवरच्या सत्तावीसपैकी वीसेक जण कच्चे कैदी असणार. देशभर हेच आहे, चारातले तीन बंदी न्यायाधीन. म्हणजे गुन्हा अजून शाबीत नाही. जिल्हा कारागृहात तर पक्के कैदी थोडेच राहतात, मोठी शिक्षा लागली की मध्यवर्ती कारागृहात पाठवतात. त्यामुळे तुमचा वर्ग दर महिन्याला बदलेल. 'मागच्या तासाला आपण काय शिकलो' हे विसरा. प्रत्येक तास त्या तासात पुरा झाला पाहिजे.

दुसरं म्हणजे वार नीट निवडा. मुलाकातीच्या दिवशी माणसाचं कान-लक्ष गेटकडे असतं. पेशीच्या दिवशी अर्धी बराक कोर्टात नाहीतर व्हिडिओसमोर. दुपारचं जेवण झाल्यावरचा तास बरा.

तिसरं. नवा माणूस पहिले आठ-दहा दिवस काही ऐकत नाही. नुसता भिंतीकडे बघत बसतो. त्याला शिकवू नका, पाणी विचारा.

सुटलेला माणूस

हा आयडी फक्त या धाग्यासाठी काढलाय.

मी एकोणीस महिने आत होतो. निर्दोष सुटलो. भांडण भावकीचं, शेताच्या बांधावरून. माझं नाव फिर्यादीत घातलं गेलं, मी त्या दिवशी गावात नव्हतो.

मास्तर, मला आत कुणी काय शिकवायला हवं होतं ते सांगतो. पहिले चार महिने मला वाटायचं की जो वकील सरकारने दिलाय तो सरकारचाच, म्हणजे पोलिसांच्या बाजूचा. म्हणून मी त्याला खरं सांगितलंच नाही. त्या दिवशी मी जळगावला दवाखान्यात होतो, कागद घरी होता. चार महिने मी ते पोटात ठेवलं. सरकारी वकील वेगळा आणि आपल्या बाजूने लढणारा विधी सेवेचा मोफत वकील वेगळा, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर!

बराकीत एक म्हातारे बाबा होते. सगळ्यांचे अर्ज तेच लिहायचे. अक्षर मोत्यासारखं, कायदा मात्र ऐकीव. त्यांनी एकाला सांगितलं की गुन्हा कबूल कर, लवकर सुटशील. त्याने केला. पुढे काय झालं ते लिहवत नाही.

आत ऐकीव कायदाच चालतो. तुमच्या तासाची खरी गरज तिथे आहे.

कळण्याची भाकरी

भाऊ, लिहिलंत हे फार मोठं आहे. घरचे कसे आहेत आता?

सुटलेला माणूस

बरे आहेत. धाकटी मला ओळखत नव्हती पहिले दोन दिवस. आता मांडीवरून उतरत नाही.

कोर्टाची पायरी

वरच्या प्रतिसादावर आधारित, सर, तुमचा पहिला धडा मी सुचवतो.

राज्यघटनेचं कलम २२: अटकेचं कारण कळलं पाहिजे, पसंतीचा वकील भेटला पाहिजे, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं पाहिजे. कलम ३९ अ: मोफत कायदेविषयक मदत. ते १९७६ साली घटनेत आलं आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्यक्षात उतरलं. ताब्यातल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. पिवळं रेशनकार्ड आहे का, असं कुणी विचारायचं नाही. घरच्यांना १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिवस मोजायला शिकवा. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिचं कलम ४७९ सांगतं की ज्याला पूर्वी कधीच शिक्षा झालेली नाही, त्याने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की न्यायालयाने त्याला बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर सोडायचं. इतरांसाठी निम्मा काळ. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरी नाही. मुदत भरली की न्यायालयाला लेखी कळवणं हे कारागृह अधीक्षकांचं काम आहे, तसं कलमातच लिहिलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जुन्या खटल्यांतल्या कच्च्या कैद्यांनाही याचा लाभ द्यायचा.

साधी चोरी घ्या. विहिरीवरची वायर नेली. कमाल शिक्षा ३ वर्षं. पहिलाच गुन्हा असेल तर १ वर्ष झालं की हिशेब पुरा. हे गणित पाचवीच्या पोराला जमतं, फक्त अटकेची तारीख ठाऊक हवी.

जुना वॉर्डर

वकीलसाहेब बरोबर. आणि नेमकी अटकेची तारीखच लोकांना ठाऊक नसते. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी धरलं" असं सांगतात.

पांझरेचा पूल

जरा अवांतर. धुळ्याच्या तुरुंगात वर्ग भरणं काही नवीन नाही. १९३२ साली विनोबा तिथे होते. दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी लिहून घ्यायचे. फेब्रुवारीत सुरू केलं, जूनमध्ये अठरावा अध्याय संपवला. गुरुजींनी आईच्या आठवणींचं पुस्तकही तिथेच लिहिलं ना?

बोरीकाठचा मास्तर

नाही हो, ते नाशिकच्या तुरुंगात, १९३३ साली. गुरुजी आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे शिक्षक, त्यामुळे एवढं तरी मला चुकवून चालणार नाही. पण तुमच्या आठवणीने एक लक्षात आलं. विनोबा बोलले ते समोर बसलेल्यांच्या भाषेत, साध्या मराठीत. मी फळ्यावर 'सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष' लिहून मोकळा झालो.

शेवभाजी विथ पाव

गुरुजींइतक्या वेगाने लिहून घेणारा एक विद्यार्थी मला कॉलेजात हवा होता.

सातपुड्याची लेक

मी धडगावकडची. आरोग्य खात्यात आहे. भाषेवर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडच्या पावरा माणसाला अहिराणी थोडी कळते, मराठी आणखी थोडी, आणि कोर्टाची मराठी अजिबात नाही. 'न्यायालयीन कोठडी वाढवण्यात आली' म्हटलं की तो मान डोलावतो. ती मान डोलावणं 'कळलं' असं नसतं, 'साहेब रागावू नका' असं असतं. सर, तुमच्या वर्गातही कुणी डोलावत असेल तर त्याला 'कळलं का' असं विचारू नका, त्याच्याकडून त्याच्या बोलीत परत सांगून घ्या. शेजारच्याला समजावायला लावा. आम्ही गोळ्या देताना हेच करतो.

दुसरी गोष्ट जामीनदाराची. आमची सोयरीक डोंगरापलीकडे मध्य प्रदेशात, बडवानीकडे. मामा तिकडचा, सासरा तिकडचा. जामीन मंजूर होतो आणि मग म्हणतात जामीनदार इथला आणा. माणूस आतच राहतो.

कोर्टाची पायरी

ताई, यावर १९७८ चाच निकाल आहे. मोतीराम नावाचा एक गवंडी होता, मध्य प्रदेशातलाच. दहा हजारांचा जामीन मागितला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून जामीनदार नाकारला. सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्णा अय्यर यांनी ते साफ चूक ठरवलं आणि त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर सोडायला सांगितलं. जिल्हा दुसरा, भाषा दुसरी म्हणून जामीनदार परका होत नाही.

शिवाय ३१ जानेवारी २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश आहेत. जामीन मिळूनही सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. मग कुणीतरी त्याच्या घरची परिस्थिती बघून रक्कम किंवा अट कमी करायला मदत करतं. हे आतल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

तापीमाय

ताई म्हणतात ते आम्ही भोगलंय. धाकट्या भावाचा जामीन झाला मंगळवारी. त्यानंतर ऐपतीचा दाखला, सातबारा, त्यावर बोजा निघाला, मग दुसरा जामीनदार, तो म्हणाला माझी बायको नको म्हणते. प्रत्येक खेपेला शंभर-दीडशे भाडं आणि मजुरी बुडाली. बावीस दिवस. आईने त्या बावीस दिवसांत भावाच्या ताटात रोज भाकरी वाढून ठेवली, संध्याकाळी शेळीला घातली.

मास्तर, तुमचा वर्ग आतल्यांचा आहे, पण मुलाकातीच्या रांगेत आम्ही बाया दोन-दोन तास उभ्या असतो. तिथे कुणी अर्धा तास हेच सगळं सांगितलं तर?

जुना वॉर्डर

मुलाकातीच्या रांगेत सांगायची कल्पना एक नंबर. मला नोकरीत असताना सुचायला हवी होती.

फेफडीची पालं

मी फासेपारधी समाजातला. बी.एड. केलंय.

आमच्या आजोबांच्या वेळी आम्ही जन्मतःच गुन्हेगार होतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. तो १९५२ साली गेला, पण गावात चोरी झाली की पहिली गाडी आजही आमच्या पालावर येते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात 'कायद्यापुढे सगळे समान' हे मी शिकवतो तेव्हा माझ्याच घशात अडकतं.

तरी शिकवायचंच. कारण ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल आहे. तुरुंगात जातीवरून कामं वाटणं घटनाबाह्य, रजिस्टरातला जातीचा रकाना काढा, आणि विमुक्त जमातींना 'सवयीचे गुन्हेगार' समजून वागवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. मुंबईच्या एका पत्रकार बाईंनी शोध घेऊन लिहिलं, त्याच याचिकाकर्त्या झाल्या. एका माणसाने लिहिलं आणि देशभरच्या कारागृहांचे नियम बदलायला लागले. सर, हे तुमच्या वर्गात सांगा. नागरिक म्हणजे काय ते यातून जेवढं कळेल तेवढं उद्देशिकेतून कळणार नाही.

गिरणा थडी

दोन दिवस धागा वाचतोय. माझं म्हणणं मी मागे घेत नाही, आईची भीती खरी आहे. पण सुटलेला माणूस यांचं वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्या केसमध्ये तीन जण धरले होते, त्यातला एक पुढे सुटला. मी त्याला कोर्टाच्या आवारात काय काय बोललो होतो ते आठवत राहिलं.

मास्तर, आई 'या' म्हणालीय. साक्षीचं समजावून सांगा तिला. रविवारी जमेल का?

बोरीकाठचा मास्तर

रविवारी येतो. नक्की.

बोरीकाठचा मास्तर

मंडळी, धागा वर काढतोय. कालचा तास झाला, तो सांगतो.

फळ्यावर काहीच लिहिलं नाही. मागच्या वेळच्या त्या गड्याला पुढे बोलावलं आणि म्हटलं, "तू विचारलं होतंस ना मताचं, माझं उत्तर अर्धं राहिलं होतं." यादीतलं नाव जात नाही आणि तुझं घर तुझं गावच राहतं, हे सांगितलं. त्याने गावाचं नाव सांगितलं. शेजारच्याने त्याचं. मग सगळेच सांगायला लागले. शिरपूर तालुका, साक्री, शहादा, चोपडा, पारोळा. गावाचा सरपंच कोण, हे एकवीस जणांना ठाऊक होतं. ग्रामसभेत कधी बोलला का, म्हटल्यावर एकच हात वर आला, आणि तो वनहक्काच्या दाव्यासाठी गेलेला म्हातारा. त्याने २००६ चा वनहक्क कायदा माझ्यापेक्षा चांगला सांगितला. पुढच्या तासाला अर्धा वेळ त्याचा.

मग दिवस मोजायला घेतले. मी घरून चालू वर्षाचं कॅलेंडर नेलं होतं, ते अपुरं पडलं. एकाला अटक 'कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी'. श्रावणातला रविवार, एवढं सगळ्यांना ठाऊक, पण तारीख कुणाला येईना. वॉरंटवर तारीख असते, कारागृहातल्या बाबूंनी ती बघून दिली. तेरा महिने झालेले. चोरीचा एकच खटला, पूर्वी शिक्षा नाही. त्या माणसाने बोटांवर तीनदा मोजलं, मग माझ्याकडे न बघता शेजाऱ्याकडे बघितलं. कार्यालयाने अर्ज पाठवलाय, पुढच्या आठवड्यात तारीख आहे. विधी सेवेचे वकीलही येऊन भेटून गेले.

त्याला सही येत नव्हती. शाईचा पॅड आणला तर हात मागे घेतला. म्हणाला, "आंगठा नही. नाव लिखी दाखाडा." वीस मिनिटं गेली त्यात. दुसऱ्या अक्षराची वेलांटी उलटी आली, तरी त्याने तीच ठेवली. तास संपला होता, हवालदार दारात उभे होते, पण त्यांनी घाई केली नाही.

आता एक विनंती. जुनी कॅलेंडरं हवीत. २०२२ पासूनची, सणवार छापलेली, भिंतीवरची. लोकांना सणांवरून दिवस आठवतात. अधीक्षकांनी परवानगी दिलीय.

तापीमाय

माझ्याकडे चारही वर्षांची आहेत. दुधाचा हिशेब लिहिलेला आहे, चालेल का?

जुना वॉर्डर

चालेल. वरची पत्र्याची पट्टी काढून द्या, ती आत जाऊ देणार नाहीत. पानं दोऱ्याने शिवा.